मालिकांतली भांडणं, बातम्यांतलं रक्त आणि साडेचार वर्षांचं पोर

रमा_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मुलगा साडेचार वर्षांचा, छोट्या शिशूत आहे. परवा शाळेतल्या ताईंनी थांबवून घेतलं. तीनचाकीवरून भांडण झालं, तर यानं दुसऱ्या मुलाचा हात पिरगाळला आणि वर म्हणाला, "थांब, तुझा काटाच काढते." ताईंना हसू आवरेना, पण त्या मुलाचं मनगट सुजलं होतं. त्याच्या आईला फोन करून माफी मागितली, तो विषय संपला.

आम्ही दोघंही नोकरीला. दिवसभर सासू-सासरे बघतात आणि मनापासून बघतात, त्यात दुमत नाही. कार्टून दिवसाला तासभर, त्याउपर नाही. पण साडेसहा-सातला हॉलमधला टीव्ही लागतो तो साडेनऊपर्यंत चालूच. आधी मालिका, मग बातम्या. हा तिथेच गाड्या खेळत असतो. "तो कुठे बघतोय, तो तर खेळतोय," असं घरात म्हणतात. नवऱ्याचं मत: "आम्हीपण हेच बघत मोठे झालो, काय झालं आम्हाला?"

तर प्रश्न दोन. इतक्या लहान वयात टीव्हीवरच्या हिंसेचा खरंच परिणाम होतो, की मीच बाऊ करतेय? आणि होत असेल तर घरात महाभारत न घडवता हे बोलायचं कसं?

आगाऊ_कार्टं

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

खडूस_पेठकर

बाऊच करताय. राग मानू नका.

सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे पुण्यात मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं तेव्हापासून आमच्या वाड्यात टीव्ही. अख्खा वाडा एका खोलीत बसून रविवारचा सिनेमा बघायचा. ढिशुम ढिशुम, खलनायक कड्यावरून खाली, सगळं बघितलं. १९८७ ला रामायण लागलं तेव्हा सदाशिव पेठेत एका खराट्याला धड काडी उरली नव्हती, सगळ्यांचे बाण झाले होते. त्या टोळीतला एक आज सीए आहे, एक बँकेत, आणि मी तुमच्यासमोर.

मुलं मारामारी करणारच. पूर्वी आईबाप त्यावर धागे काढत नव्हते.

चहाटळ

पेठकरकाका, "मी तुमच्यासमोर" हा पुरावा तुमच्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा?

(हलके घ्या.)

सुप्रिया_औंध

शक्तिमानचे दिवस आठवा की. १९९७ नंतर आमच्या सोसायटीतली पोरं हात वर करून गोल गोल फिरत जिन्यावरून उड्या मारायची. माझ्या भावाचा पुढचा दात त्यातच गेला. परिणाम होत नाही कसं म्हणता?

निशिगंधा_बालवाडी

धायरीत बालवाडी चालवते, बरीच वर्षं झाली. रमा, आधी एक विचारते. तो "काढते" असंच म्हणाला? "काढतो" नाही?

रमा_कर्वेनगर

हो. "काढते"च. ताईंनी तसंच सांगितलं.

निशिगंधा_बालवाडी

मग कार्टूनचा काही संबंध नाही. तुमच्याकडे सात-साडेसातला जी खलनायिका येते ना, भुवई उडवून बोलणारी, तिचं वाक्य आहे ते, जसंच्या तसं. माझ्या वर्गात तिघंजण म्हणतात, त्यात दोन मुलगे.

आता थोडं सविस्तर. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी वर्गात नुसतं बसलं तरी कोणाकडे काय लागलं होतं ते कळतं. मारणारी मुलं लगेच दिसतात, त्यांच्या तक्रारी होतात. पण मला जास्त दिसतात ती घाबरलेली मुलं. त्यांच्यावर कोणी धागा काढत नाही, कारण ती त्रास देत नाहीत. एक मुलगी शाळेतल्या शौचालयात एकटी जाईना. दार लोटलं की किंचाळायची. घरी गुन्ह्यांवरचा कार्यक्रम लागायचा आणि त्यात कोणीतरी न्हाणीघरात सापडलं होतं. आई म्हणाली, "ती तर पाठ करून बसली होती." पाठ केली तरी कान उघडे असतात हो. ते पार्श्वसंगीत, ती किंकाळी. उलट चित्र न बघता नुसतं ऐकलेलं मूल मनातल्या मनात आणखी भयंकर रंगवतं.

त्यामुळे "तो बघत नाही, खेळतोय" याला माझ्या लेखी अर्थ नाही.

चहाटळ

क्रियापदावरून गुन्हेगार पकडला! बाई, तुम्ही बालवाडीत काय करताय, फरासखाना पोलीस ठाण्यात जा.

तर्कटराव

आठवणींवर चर्चा चाललीय म्हणून थोडं अभ्यासाचं.

या विषयातला गाजलेला प्रयोग मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा, १९६१, स्टॅनफर्ड विद्यापीठाची बालशाळा. तीन ते सहा वयाची ७२ मुलं. बोबो नावाची हवा भरलेली बाहुली, ढकलली की डोलून परत उभी राहणारी. काही मुलांसमोर मोठ्या माणसाने तिला हातोडीने बडवलं, लाथा मारल्या. नंतर मुलांना त्या खोलीत सोडलं, तर ज्यांनी बघितलं होतं त्यांनी तेच केलं, तेच शब्द वापरून. १९६३ मध्ये हेच फिल्मवर आणि मांजराचा वेश केलेल्या पात्राकडून करून दाखवलं, तरी नक्कल झाली. माणूस समोर हवा असंही नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो १९६५ चा पुढचा प्रयोग. फिल्ममध्ये मारणाऱ्याला एकदा बक्षीस मिळतं, एकदा ओरडा बसतो, एकदा काहीच होत नाही. ओरडा बसलेला बघितला त्या मुलांनी नक्कल कमी केली. इथवर ठीक. मग सगळ्यांना सांगितलं, जे बघितलं ते करून दाखवा, सरबत आणि चिकटचित्रं मिळतील. तर सगळ्या गटांना जवळपास सारखंच येत होतं! म्हणजे शिकली सगळीच होती, फक्त काहींनी दाखवलं नव्हतं.

आता आपल्या पडद्यावर बघा. खलनायकाला शेवटी शिक्षा होते म्हणून आपण निर्धास्त. पण नायक वीस जणांना लोळवतो आणि त्याला हार-तुरे मिळतात. शिवाय मालिकेतली ती बाई तीनशे भाग जिंकत असते आणि शिक्षा होते शेवटच्या आठवड्यात. चार वर्षांच्या पोराला तीनशे भागांचा हिशेब लागत नाही.

खडूस_पेठकर

तर्कटराव, ती बाहुली बनवलीच आहे मुळी बडवायला! मुलांच्या हातात हातोडी द्यायची, समोर डोलणारी बाहुली ठेवायची आणि मुलांनी मारलं की म्हणायचं, बघा हिंसा! बाहुलीला मारणारं मूल मित्राला मारेल कशावरून?

तर्कटराव

रास्त आक्षेप. तो बांडुरांवर तेव्हापासूनच घेतला जातो. शिवाय परिणाम लगेच मोजला होता, वर्षभराने काय हे त्या प्रयोगातून कळत नाही. क्रिस्टोफर फर्ग्युसनसारखे संशोधक तर म्हणतात की मोजला गेलेला परिणाम फार छोटा आहे आणि घरातली मारहाण, आईबापांचं वागणं हे लक्षात घेतलं की आणखी छोटा होतो.

दुसऱ्या बाजूला ह्युसमन आणि सहकाऱ्यांनी शिकागो भागातल्या सहा ते दहा वयाच्या मुलांचा १९७७ पासून मागोवा घेतला, ती विशी ओलांडेपर्यंत. लहानपणी मारधाड जास्त बघणारे, विशेषतः पडद्यावरचं खरं मानणारे आणि मारणाऱ्या पात्राशी स्वतःला जोडून घेणारे, मोठेपणी जास्त आक्रमक निघाले. २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. यावरून टीव्हीमुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण झटकूनही टाकता येत नाही.

आणि पेठकर, तुमच्यासाठी खास दोन गावं. कॅनडात डोंगराच्या कुशीतल्या एका गावात सिग्नल पोचत नव्हता. अभ्यासकांनी त्याला टोपणनाव दिलं 'नोटेल'. १९७३ मध्ये टीव्ही आला. दोन वर्षांनी बघितलं तर मैदानावर मुलांची हाणामारी आणि शिवीगाळ वाढली होती, मुलगे-मुली दोघांचीही. दुसरं, सेंट हेलेना बेट. तिथे टीव्ही पोचला थेट १९९५ मध्ये. शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून आधीचं-नंतरचं वागणं ताडून पाहिलं, तर वाढ नाही! अभ्यासकांनी त्याचं श्रेय दिलं बेटावरच्या घट्ट समाजाला. सगळे सगळ्यांना ओळखतात, पोराने आगाऊपणा केला की कोणीतरी कान धरतोच.

आगाऊ_कार्टं

सेंट हेलेनावर नेपोलियन ठेवला होता ना? तिथल्या मुलांचा हिंसेचा कोटा आधीच भरला असणार.

खडूस_पेठकर

बघा! सेंट हेलेना म्हणजे आमचा वाडाच झाला. कोपऱ्यातल्या काकूंना नुसतं कळलं की आपण कोणाला ढकललं, तर घरी पोचायच्या आत बातमी आईकडे. टीव्ही आमच्याकडेही होता, पण बरोबर तीस माणसंही होती.

निशिगंधा_बालवाडी

काका, हे तुम्ही रमाच्याच बाजूने बोललात. तुमच्या तीस माणसांच्या जागी आता एक सोफा आहे.

हडपसरची_सई

मला एक कळत नाही. टीव्हीवरचं वाईट आणि आपण जे सांगतो ते? दिवाळीत पोरं किल्ला करतात, त्यावर तलवारी उपसलेले मावळे. गणपतीत हलते देखावे बघायला आपणच खांद्यावर बसवून नेतो. मागे एका मंडळाचा अफजलखान वध होता, लाल दिव्यात वाघनखं, पोटातून कापडाची आतडी आणि कर्ण्यावरून खानाची आरोळी. माझी लेक तीन रात्री मधूनच उठत होती. नरसिंह-हिरण्यकशिपूचा देखावा असतो तो वेगळाच. आणि चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत आमची आजी कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवायची!

देशस्थ_दणका

शिवचरित्र आणि टीव्हीवरच्या फालतू मारामाऱ्या एकाच तागडीत? धन्य आहे. इतिहास आहे तो आपला.

हडपसरची_सई

इतिहासाला कोण नाही म्हणतंय? मीच सांगते तिला. चार वर्षांच्या मुलीला आतडी दाखवायची का, एवढंच विचारतेय.

देशस्थ_दणका

मग डोळे मिटायचे देखाव्यासमोर. उद्या म्हणाल, लालमहालात बोटं तोडली ते सांगू नका.

चहाटळ

धागा कर्वेनगरहून निघून लालमहालापर्यंत आला. पुढचा थांबा शनिवारवाडा.

निशिगंधा_बालवाडी

सईने मुद्दा चांगला काढलाय, इतिहासाच्या वादात वाया जायला नको. मी वर्गात अफजलखानाची गोष्ट सांगते. कावळ्याचीही सांगते, तव्यासकट. गोष्ट सांगताना माझे डोळे मुलांवर असतात. एखाद्याचा चेहरा उतरला की खान लवकर पडतो, आवाज खाली येतो, पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. मूल "मग?" विचारतं, मध्येच थांबवतं, मांडीत सरकतं. तव्यावरचा कावळा त्याला पेलेल एवढाच भाजतो. कर्ण्यावरून ओरडणाऱ्या खानाला किंवा टीव्हीला समोर कोण बसलंय ते दिसत नाही. त्यामुळे देखाव्याबाबत मी सईच्या बाजूने आणि गोष्टीबाबत दणकासाहेबांच्या.

बालरोग_बाणेर

मी बालरोगतज्ज्ञ. इथे कोणाला तपासत नाही, फक्त थोडी भर.

"घाबरू नको, ते खोटं असतं" हे पाच वर्षांच्या मुलाला सांगून फारसा उपयोग होत नाही. जोअॅन कँटर यांनी मुलांच्या भीतीवर बरंच काम केलंय. साधारण सातच्या आतली मुलं दिसण्यावरून घाबरतात. हल्कवरचा अभ्यास मजेशीर आहे: साधा माणूस हिरवा राक्षस होतो ते बघून लहान मुलं भेदरली, मोठी नाही, कारण तो चांगला आहे हे त्यांना कळत होतं. उलट वय वाढलं की खोटे राक्षस सुटतात आणि बातम्यांतल्या खऱ्या घटनांची भीती सुरू होते. लहानग्याला जवळ घ्या, दुसऱ्या खोलीत न्या, पाणी द्या, दुसरं काही हातात द्या. समजावणं नंतर.

"तो तर खेळतोय" याबद्दल: २००८ मध्ये अमेरिकेत एक ते तीन वयाच्या मुलांना खेळणी देऊन बाजूला मोठ्यांचा कार्यक्रम लावून ठेवला होता. मुलं पडद्याकडे क्वचितच बघत होती, तरी त्यांचे खेळ तुटक झाले, एका खेळात रमण्याचा वेळ कमी झाला. त्यात मारामारीही नव्हती, साधा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम होता.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या सूचना: दोन वर्षांखाली पडदा नाही, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो. दोन ते पाच, जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबत. रमाताई, हॉलमधले अडीच-तीन तास तुम्ही मोजत नाही आहात.

मला आशादायक वाटतो तो सिॲटलचा २०१३ चा अभ्यास. तीन ते पाच वयाच्या मुलांच्या पालकांना टीव्हीचा वेळ कमी करा असं सांगितलंच नाही. मारधाडीच्या जागी शिकवणारं, मिळून-मिसळून वागणारं काही लावा, एवढंच. सहा महिन्यांनी मुलांच्या वागण्यात फरक दिसला. फार मोठा नव्हे, पण दिसला.

विमाननगर_वासी

बातम्यांबद्दल कोणीच फार बोलत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरीचा स्फोट झाला तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. आम्ही सगळे टीव्हीला चिकटलेलो, साहजिकच. तीच दृश्यं पुन्हा पुन्हा. दुसऱ्या दिवशी ती बोटं मोजत होती. विचारलं तर म्हणाली, किती बेकऱ्या फुटल्या ते मोजतेय. प्रत्येक वेळी दाखवलं की तिच्या हिशेबी नवीन स्फोट. पुढे कितीतरी महिने नाक्यावरच्या बेकरीतून पाव आणायला बरोबर यायची नाही. मालिका बंद करणं सोपं आहे, बातम्या "महत्त्वाच्या" असतात म्हणून चालू राहतात.

सुप्रिया_औंध

बापरे. बेकऱ्या मोजणं वाचून अंगावर काटा आला.

कायद्याचं_बोला

नियम आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतल्या कार्यक्रम संहितेत स्पष्ट आहे की मुलांसाठी योग्य नसलेले कार्यक्रम जास्तीत जास्त मुलं बघत असतात त्या वेळी दाखवू नयेत. मनोरंजन वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी बीसीसीसी ही परिषद २०११ पासून आहे. ओटीटीला २०२१ पासून ७+, १३+, १६+ अशा वयाच्या पाट्या आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलूप सक्तीचं. सेटटॉप बॉक्सलाही पिन टाकता येतो.

आगाऊ_कार्टं

पिन टाकला होता. आमच्या आजोबांना उघडेना, नातवाने उघडून दिला.

आजी_बिबवेवाडी

बराच वेळ वाचतेय. आता सासू पार्टीकडून कोणीतरी बोलायला हवं.

मुलींनो, आमचा दिवस सांगते. सकाळी सून आठला जाते. तेव्हापासून नातवाचा डबा, शाळेची रिक्षा, दुपारी आणणं, भरवणं, झोपवणं, उठला की "आजी घोडा हो." माझे गुडघे एकसष्टाव्या वर्षीच गेले. संध्याकाळी सातला मी पहिल्यांदा पाठ टेकते. त्या दोन मालिका म्हणजे माझी करमणूक, आणि दुसऱ्या दिवशी मंडईत मैत्रिणीशी बोलायला विषय. ती खलनायिका मलाही आवडत नाही, पण तिचं पुढे काय होतं ते बघायचं असतं. सून हिंजवडीहून वाहतुकीतून साडेआठला येते आणि दारातच म्हणते, "आई, पुन्हा हेच लावलंत?" सांगा, मला कसं वाटत असेल?

पण निशिगंधाबाईंचं त्या शौचालयातल्या मुलीचं वाचून गप्प झाले. आमचा नातूही हल्ली मागच्या बाल्कनीत एकटा जात नाही. आम्ही म्हणत होतो, भित्रा आहे.

उपाय सांगते, आमच्या शेजारच्या वहिनींनी केलाय. मालिकेचा तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागतो. पोरगं झोपलेलं असतं, घर शांत, चहा हातात. रात्री बघण्यापेक्षा बरा दिसतो, जाहिरातीत उठावंही लागत नाही. फक्त हे सुनेने "बंद करा" म्हणून सांगू नये. "आई, दुपारी निवांत बघा, संध्याकाळी मी बघते त्याच्याकडे" असं म्हणावं. आणि मग खरंच बघावं.

निशिगंधा_बालवाडी

आजी, साष्टांग नमस्कार.

रमा_कर्वेनगर

आजी, "पुन्हा हेच लावलंत" हे वाक्य माझ्या घरातून तुमच्याकडे कसं पोचलं? 🙂

सगळ्यांचे आभार. मारण्यापेक्षा घाबरण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हताच. तो रात्री दिवा मालवू देत नाही हे मी लिहिलंही नव्हतं, कारण त्याचा याच्याशी संबंध जोडला नव्हता. दुपारच्या भागाचं आजच सासूबाईंशी बोलते. प्रश्न उरतो सात ते साडेआठचा. मी येईपर्यंत त्याला खाली कोण नेणार? सासऱ्यांना जिने झेपत नाहीत आणि लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद.

हडपसरची_सई

एक बाळबोध शंका. एवढे प्रतिसाद झाले, बांडुरा झाले, नेपोलियन झाला, अफजलखान झाला. मुलाचे बाबा सातला कुठे असतात?

चहाटळ

शांतता. शंका विचारली गेली आहे.

रमा_कर्वेनगर

साडेसहाला घरी. सोफ्यावर. मोबाइल. त्यांना धाग्याची लिंक पाठवलीय.

खडूस_पेठकर

अरेरे. बिचाऱ्याला का ओढता यात? "आम्हीपण बघत मोठे झालो" म्हणणारा एकमेव समंजस माणूस होता धाग्यात.

नवरोबा_कर्वेनगर

आजच सदस्य झालो. मीच तो समंजस माणूस, पेठकरकाका, आधाराबद्दल आभारी आहे.

सगळं वाचलं. माझं मत अजूनही आहे की हात पिरगाळणं हे तीनचाकी एकच असल्यामुळे झालं. शाळेने दोन घ्याव्यात. पण दिवा मालवू न देण्याचं खरं आहे, रात्री उठून मीच जातो त्याच्याकडे. तेव्हा सात ते साडेआठ मी खाली नेईन. सोसायटीत घसरगुंडी आहे, पलीकडे कालव्याचा रस्ता आहे. अट एकच: मॅच असेल त्या दिवशी सूट. क्रिकेटमध्ये हिंसा नसते.

आजी_बिबवेवाडी

मॅच बघताना तुम्ही काय काय बोलता, ते आधी रमाला इथे लिहू दे. मग सुटीचं बघू.